पांढरा प्राणी दिसला तर: ओळख कशी पटवावी आणि नोंद कशी करावी

पांढरा कावळा, पांढरी खार किंवा पांढरे भेकर कोणाला दिसले की त्याचे छायाचित्र दिवसभरात गावभर फिरते आणि त्याखाली ‘दुर्मीळ अल्बिनो’ हे दोन शब्द ठरल्यासारखे येतात. यांपैकी पहिला शब्द बहुतेक वेळा बरोबर असतो आणि दुसरा बहुतेक वेळा चुकलेला असतो. ही चूक केवळ शब्दापुरती असती तर तिच्याकडे काणाडोळा करता आला असता. परंतु एकदा ‘अल्बिनो’ असे लिहून टाकले की निरीक्षक पुढे काही पाहतच नाही, डोळ्याचा रंग टिपत नाही, पांढरी पिसे नेमकी कोणती ते मोजत नाही, आणि वर्षभराने त्या नोंदीचा कोणालाही उपयोग होत नाही. माझ्या स्वतःच्या एका जुन्या वहीत एका चिमणीपुढे ‘अर्धवट अल्बिनो, मादी’ एवढेच लिहिलेले आहे. पांढरी पिसे डोक्यावर होती की पंखांत, एकाच बाजूला होती की दोन्ही बाजूंना, हे तेव्हा लिहिले असते तर आज त्या चिमणीबद्दल काही सांगता आले असते. ‘अर्धवट अल्बिनो’ असा प्रकार मुळात असू शकत नाही, हे मला फार उशिरा कळले.

म्हणून येथे सुचवलेला क्रम नेहमीच्या क्रमाच्या उलटा आहे. आधी पाहावे, मग वर्णन लिहावे आणि नाव द्यायचेच असेल तर ते सर्वांत शेवटी द्यावे.

रंग कोठून येतो

हा भाग थोडा पुस्तकी आहे. परंतु तो समजला की पुढची प्रत्येक खूण पाठ न करता आपोआप लक्षात राहते. सस्तन प्राण्यांच्या केसांत आणि पक्ष्यांच्या पिसांत जो काळा, तपकिरी, तांबूस किंवा भुरा रंग दिसतो, तो मेलॅनिन या रंगद्रव्याचा असतो. त्याचे दोन प्रकार आहेत. युमेलॅनिन काळा आणि गडद तपकिरी रंग देते, तर फिओमेलॅनिन तांबूस आणि पिवळट छटा देते. दोन्ही प्रकार टायरोसिन या अमिनो आम्लापासून तयार होतात आणि त्या प्रक्रियेची पहिली पायरी टायरोसिनेज या विकराशिवाय (एन्झाइमशिवाय) ओलांडता येत नाही. हे काम रंगपेशींमध्ये चालते. या पेशी कातडीत जन्माला येत नाहीत. गर्भावस्थेत त्या पाठीच्या मधल्या रेषेजवळ तयार होतात आणि तेथून सरकत सरकत पोट, पाय, कपाळ, पंखांची टोके अशा लांबच्या भागांपर्यंत पोहोचतात.

यावरून दोन अगदी निराळे बिघाड संभवतात. पहिल्यात रंगपेशी आपापल्या जागी असतात, परंतु विकर नसल्यामुळे किंवा निकामी असल्यामुळे त्यांना मेलॅनिन तयारच करता येत नाही, हा अल्बिनिझम. दुसऱ्यात रंगपेशी त्या जागी पोहोचलेल्याच नसतात किंवा तेथे तग धरत नाहीत, हा ल्युसिझम. रंगारी हजर आहे पण डब्यात रंग नाही, आणि रंगारी आलाच नाही, असा हा फरक आहे. विकराचा दोष शरीरातल्या प्रत्येक पेशीत सारखाच असतो, त्यामुळे अल्बिनिझम एका पंखापुरता किंवा शेपटीपुरता असू शकत नाही. ल्युसिझम मात्र एका पिसापासून संपूर्ण शरीरापर्यंत कितीही पसरलेला असू शकतो, कारण रंगपेशी कुठवर पोहोचल्या यावर तो अवलंबून असतो.

पाहिले ते खरोखर वेगळे आहे का?

अनेक नोंदी याच पायरीवर गळून पडतात, आणि पडाव्यातही. आपल्याकडे जन्मतःच पांढरे असणारे किंवा आयुष्यातल्या एखाद्या टप्प्यावर पांढरे दिसणारे प्राणी कमी नाहीत. स्वर्गीय नर्तक या पक्ष्याचा प्रौढ नर शुभ्र पांढरा असतो, तर मादी आणि तरुण नर तांबूस असतात. तांबूस जोडीदारासोबत पांढरा नर पाहिला की नवख्या निरीक्षकाला हमखास रंगदोष वाटतो. कोकणच्या किनाऱ्यावर खडकांत मासे टिपणाऱ्या समुद्री बगळ्याची राखाडी आणि पांढरी अशी दोन रूपे असतात आणि दोन्ही तितकीच निरोगी असतात. ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंग अन्नातून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा असतो. लहान वयाचे पक्षी मळकट करडे-पांढरे दिसतात, त्यात वावगे काही नाही. भीमाशंकरच्या शेकरूची शेपटी टोकाकडे फिकट असते. गव्हाणी घुबडाच्या पिलांना पाहून तर लोकांनी काय काय कल्पना केल्या आहेत, ते सांगायला नको.

त्यानंतर पाळीव प्राण्यांचा प्रश्न येतो. पांढरी कबुतरे, पांढरे मोर, पांढरे उंदीर आणि पांढरे ससे माणसाने पिढ्यान्पिढ्या निवडून वाढवलेले आहेत. पांढरा मोर अल्बिनो नसतो, त्याचे डोळे गडद असतात. आणि तो मोकळ्यावर दिसला तर कोणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटला असण्याची शक्यता आधी विचारात घ्यावी.

कॅमेराही फसवतो. अरण्यात लावलेले स्वयंचलित कॅमेरे रात्री अवरक्त प्रकाशात चित्र घेतात आणि ते चित्र कृष्णधवल असते. त्या प्रकाशात जवळून गेलेले चितळ किंवा नीलगाय पांढरीफटक दिसू शकते. अशा एकट्या चित्रावरून पांढऱ्या प्राण्याचा दावा कधीही करू नये. त्याच कॅमेऱ्यात त्याच अंतरावर टिपलेला त्याच जातीचा दुसरा प्राणी कसा दिसतो ते पाहावे आणि दिवसा घेतलेले रंगीत चित्र मिळेपर्यंत थांबावे. याशिवाय राखेत किंवा चुन्यात लोळलेला प्राणी, वाळलेला चिखल अंगावर असलेले डुक्कर, खरजेमुळे केस गळून कातडी उघडी पडलेला कोल्हा आणि जुन्या जखमेच्या जागी पांढरे केस उगवलेला वानर ही सगळी मंडळीही पहिल्या नजरेत ‘पांढरी’ दिसतात.

डोळा

प्राणी खरोखर वेगळा आहे अशी खात्री झाल्यावर सर्वांत आधी डोळा पाहावा. डोळ्याच्या आतला, दृष्टिपटलामागचा काळा थर पाठीकडून सरकत आलेल्या रंगपेशींचा नसतो. तो डोळ्याच्या स्वतःच्या अंकुरातून तयार होतो. त्यामुळे ल्युसिझममध्ये प्राणी नखशिखांत पांढरा झाला तरी हा थर शाबूत राहतो आणि डोळा गडद दिसतो. फार तर बुबुळ निळसर किंवा घारे दिसते. अल्बिनिझममध्ये मात्र दोष विकराचाच असल्यामुळे या थरातही मेलॅनिन नसते. आतल्या रक्तवाहिन्यांचा रंग बाहेर दिसतो आणि डोळा गुलाबी किंवा लाल भासतो.

हा नियम पक्षी, खारी, उंदीर, वटवाघळे आणि साप यांच्या बाबतीत चांगला चालतो. माकडांच्या आणि वानरांच्या बाबतीत जरा सांभाळून वापरावा. अल्बिनिझम असलेल्या बहुतेक माणसांचे डोळेही लाल नसून निळे किंवा करडे असतात आणि प्रकाश विशिष्ट कोनातून पडला तरच त्यांत तांबूस झाक दिसते. १९६६ मध्ये इक्वेटोरियल गिनीत पकडलेला आणि पुढे बार्सिलोनाच्या प्राणिसंग्रहालयात ‘कोपितो दे नीएवे’, म्हणजे हिमकण, या नावाने जगप्रसिद्ध झालेला गोरिला खरा अल्बिनो होता, तरी त्याचे डोळे निळसर होते. उन्हापासून रक्षण करणारे मेलॅनिन कातडीत नसल्याची किंमत त्याला मोजावी लागली. २००३ मध्ये त्वचेच्या कर्करोगाने त्याचा शेवट झाला.

डोळा पाहताना दोन पथ्ये पाळावीत. फ्लॅश वापरून काढलेल्या चित्रातला लाल किंवा चमकता डोळा पुरावा म्हणून धरू नये, कारण रात्री बॅटरीच्या उजेडात बिबट्यापासून रातव्यापर्यंत अनेकांचे डोळे तसेच चमकतात. आणि त्या जातीचा डोळा एरवी कसा असतो ते आधी माहीत करून घ्यावे. कोकिळेचा डोळा मुळातच लाल असतो. त्यामुळे कोकिळेच्या बाबतीत बुबुळाऐवजी मधली बाहुली काळी आहे की गुलाबी, हे पाहावे लागते.

पांढरेपणा कोठे आहे

प्राणी अंशतः पांढरा असेल तर अल्बिनिझमचा प्रश्न तेथेच मिटतो. मग पाहायचे ते पांढऱ्या भागांचे स्थान आणि त्यांची मांडणी. ल्युसिझममधले ठिगळ बहुतेकदा शरीराच्या दोन्ही बाजूंना साधारण सारखे असते आणि ज्या भागांपर्यंत पोहोचायला रंगपेशींना सर्वांत लांबचा प्रवास करावा लागतो, ते भाग आधी पांढरे राहतात: हनुवटी, कपाळ, पोट, पायांची बोटे, पंखांची टोकाकडची पिसे. ही मांडणी जन्मापासूनची असते आणि पिसे झडून नवी आली तरी बदलत नाही. पूर्ण ल्युसिस्टिक पक्ष्याची चोच आणि पायही फिकट गुलाबी होतात, त्यामुळे गुलाबी चोचीवरून अल्बिनो ठरवणे चुकीचे आहे.

परंतु आपल्या अंगणात, बसस्थानकावर आणि भाजीबाजारात जे पांढरी पिसे असलेले कावळे, चिमण्या आणि साळुंक्या दिसतात, त्यांतले पुष्कळ पक्षी ल्युसिस्टिकही नसतात. इंग्लंडमधल्या ट्रिंग येथील नैसर्गिक इतिहास संग्रहालयात पक्ष्यांचा संग्रह सांभाळणारे हाइन व्हान ग्रो यांनी पक्ष्यांच्या रंगदोषांवर अनेक वर्षे काम केले आहे, आणि विखुरलेल्या पांढऱ्या पिसांचे सर्वसाधारण कारण वाढते पांढरेपण हे असल्याचे त्यांनी दाखवून दिले आहे. माणसाचे केस पिकतात तसाच हा प्रकार आहे. रंगपेशी हळूहळू काम सोडतात, पहिल्यांदा इकडेतिकडे चारदोन पिसे पांढरी येतात, आणि प्रत्येक पिसगळतीनंतर त्यांची संख्या वाढत जाते. त्यांत डाव्या-उजव्या बाजूंचा मेळ नसतो. माझ्या वहीतली ती चिमणी बहुधा याच वर्गातली असावी. पण ‘बहुधा’ हा शब्द मला कायमचा जोडावा लागणार, कारण वर्णन मीच लिहिले नाही.

शहरातल्या कावळ्यांच्या बाबतीत आणखी एक कारण तपासावे. पंख पसरल्यावर पिसांवर आडवे पांढरे किंवा फिकट पट्टे दिसत असतील, पिसे कमकुवत आणि टोकाला तुटकी असतील, तर दोष आनुवंशिक नसून आहाराचा असण्याची शक्यता मोठी असते. वाढत्या पिसाला रंग भरण्यासाठी पुरेशी प्रथिने लागतात. पाव आणि उष्टे भात यांवर वाढलेल्या पिलाला ती मिळत नाहीत. चांगले अन्न मिळाले तर पुढच्या पिसगळतीनंतर हाच कावळा पूर्ण काळा होतो.

पांढरा नव्हे, फिकट

काही प्राणी पांढरे नसतात, धुवून काढल्यासारखे फिकट असतात, आणि येथे चांगले जाणकारही अडखळतात. युमेलॅनिन तयार होते पण अर्धवट, म्हणून काळ्याऐवजी तपकिरी रंग उमटतो, असा एक दोष आहे. हे अर्धे रंगद्रव्य उन्हात फार लवकर विटते. त्यामुळे नवी पिसे आलेला कावळा दुधाळ कॉफीसारखा तपकिरी दिसतो आणि पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीस तोच कावळा मळकट पांढरा झालेला असतो. याची खूण सोपी आहे. पंख मिटलेला असताना जी पिसे झाकलेली राहतात, त्यांचा मूळ रंग टिकून असतो. उडताना किंवा पंख ताणताना घेतलेले एक छायाचित्र येथे बसलेल्या पक्ष्याच्या दहा छायाचित्रांपेक्षा अधिक सांगून जाते.

याहून तीव्र अशा दुसऱ्या दोषात दोन्ही प्रकारचे मेलॅनिन अगदी थोडे तयार होते. पिसे सायीच्या रंगाची येतात, विटून पांढरी होतात, आणि डोळ्यातही रंग कमी असल्यामुळे तो तांबूस दिसतो. याला ‘इनो’ म्हणतात. मोकळ्यावर दिसलेला, पूर्ण वाढ झालेला, तांबूस डोळ्यांचा पांढरा पक्षी खऱ्या अल्बिनोपेक्षा इनो असण्याचीच शक्यता अधिक असते. कारण अल्बिनो पक्षी जन्मतात, पण घरट्याबाहेर पडल्यावर फार काळ टिकत नाहीत. पांढरे अंग शिकाऱ्याच्या डोळ्यांत भरते म्हणून ते मरतात, असे सर्रास सांगितले जाते. खरे मोठे कारण त्यांची दृष्टी हे आहे. डोळ्यात मेलॅनिन नसले की प्रकाश असह्य होतो, दृष्टिपटलाची घडणही सदोष राहते, आणि अंतराचा अंदाज चुकणाऱ्या पक्ष्याला फांदीवर उतरणे आणि भक्ष्य टिपणे दोन्ही अवघड जाते. वासावर भक्ष्य शोधणाऱ्या सापाचे अशा नजरेवाचून तितके अडत नाही.

अल्बिनो असूनही पांढरा नसलेला

अल्बिनिझममध्ये फक्त मेलॅनिन जाते. इतर रंगद्रव्ये जात नाहीत. पोपटाचा हिरवा रंग पिवळ्या रंगद्रव्याच्या आणि पिसाच्या रचनेतून उमटणाऱ्या निळ्या प्रकाशाच्या मिश्रणातून दिसतो, आणि त्या निळ्यासाठी मागे मेलॅनिनची काळी पार्श्वभूमी लागते. मेलॅनिन गेले की पोपट पांढरा न होता पिवळाधमक होतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कातडीत पिवळे रंगद्रव्य असलेल्या वेगळ्या पेशीही असतात. जुलै २०२० मध्ये ओडिशातल्या बालासोर जिल्ह्यात सुजानपूर या गावी एक पिवळे धम्मक कासव सापडले आणि ते देशभर गाजले. त्याचे डोळे गुलाबी होते आणि ते अल्बिनो होते. आपल्याकडे सर्पमित्रांना अधूनमधून मिळणारा ‘पांढरा नाग’ही नीट पाहिला तर पिवळसर-गुलाबी असतो. डोळा लाल आणि फण्यावरची खूण पुसट, तर अल्बिनो. अंग पांढरे पण डोळे काळे, तर ल्युसिस्टिक. नाग विषारीच असतो, रंग कोणताही असला तरी. ही सूचना अनावश्यक वाटेल, पण पांढऱ्या नागाला ‘देवाचा’ समजून हात लावणारे लोक आहेत म्हणून ती द्यावी लागते.

याच न्यायाने ल्युसिस्टिक पक्ष्यांतही अन्नातून आलेला लाल-पिवळा रंग टिकू शकतो. पांढऱ्या लालबुड्या बुलबुलाच्या शेपटीखालचा लाल ठिपका शाबूत आहे की नाही, हे वहीत जरूर लिहावे.

पांढऱ्या वाघाचे उदाहरण

पांढरा वाघ अल्बिनो नाही आणि ल्युसिस्टिकही नाही. त्याचे पट्टे गडद असतात, डोळे निळे असतात; गेलेला असतो तो पट्ट्यांमधला नारिंगी रंग, म्हणजे फिओमेलॅनिन. मे १९५१ मध्ये रीव्याचे महाराज मार्तंड सिंह यांनी पकडलेला आणि गोविंदगडच्या वाड्यात ठेवलेला मोहन हा नर आज जगातल्या बहुसंख्य पांढऱ्या वाघांचा पूर्वज आहे. नारिंगी वाघिणीपासून त्याला झालेले बछडे नारिंगीच निघाले, कारण हा गुण अप्रभावी आहे आणि तो दिसण्यासाठी आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. मग मोहनची त्याच्याच मुलीशी, राधाशी, जोडी लावण्यात आली आणि १९५८ मध्ये चार पांढरे बछडे जन्मले. पुढचा इतिहास अशाच जवळच्या नात्यांतल्या जोड्यांचा आहे, आणि तिरळेपणा व इतर जन्मजात दोष त्यासोबत आले. २०१३ मध्ये चिनी संशोधकांनी या रंगाचे मूळ एसएलसी४५ए२ या जनुकातल्या एकाच बदलात शोधून काढले. त्याच वर्षी बार्सिलोनाच्या त्या गोरिलाच्या अल्बिनिझमचे मूळही याच जनुकात सापडले, पण तेथे बदल निराळा होता. एकच जनुक एका प्राण्यात खरा अल्बिनिझम घडवते आणि दुसऱ्यात केवळ एक रंग वजा करते. मग नुसत्या दिसण्यावरून नाव देण्याची घाई का करू नये, हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

अप्रभावी गुणाचा हा नियम निरीक्षकाच्या कामाचा आहे. दिसायला सामान्य असलेल्या आईबापांच्या अंगी तो लपलेला असेल तर प्रत्येक पिलात तो उघड होण्याची शक्यता चारात एक असते, आणि नातेसंबंधातल्या जोड्या वाढल्या की असे आईबाप एकत्र येण्याचा संभवही वाढतो. एखाद्या तुटक्या वनखंडात किंवा एकाच वसाहतीत काही वर्षांत तीन-चार पांढरी पिले दिसली, तर ती बातमी एका पांढऱ्या पिलाच्या बातमीपेक्षा फार महत्त्वाची आहे, कारण त्या कळपाला बाहेरचे रक्त मिळत नसल्याचा तो इशारा असू शकतो. असे वारंवार दिसणे वर्षानुवर्षांच्या वह्यांतूनच कळते.

छायाचित्र आणि नोंद

पांढऱ्या प्राण्याचे छायाचित्र बिघडण्याचे कारण ठरलेले असते. गडद झाडीपुढे बसलेला लहान पांढरा पक्षी टिपताना कॅमेरा झाडीच्या मानाने प्रकाश मोजतो आणि पक्षी जळून सपाट पांढरा होतो. फिकट तपकिरी, सायीचा आणि शुभ्र यांतला फरकच नाहीसा होतो. म्हणून एक्स्पोजर एक पायरी कमी करून घ्यावे आणि चित्र काळपट वाटले तरी चालेल असे समजावे. फ्लॅश वापरू नये. एक चित्र डोळ्याचे, एक डाव्या बाजूचे, एक उजव्या बाजूचे, एक पंख पसरलेले आणि एक त्याच जातीच्या सामान्य प्राण्यासोबतचे, एवढी पाच मिळाली तर उत्तम. शेवटचे चित्र सर्वांत मोलाचे असते, कारण उजेड आणि कॅमेरा यांनी केलेली फसवणूक त्यात लगेच उघडी पडते. चित्रावर रंग सुधारण्याचे कोणतेही संस्कार न करता मूळ प्रत जपून ठेवावी.

वहीत तारीख, वेळ, ठिकाण, अधिवास आणि उजेडाची दिशा लिहावी. मग डोळ्याची बाहुली आणि बुबुळ, चोच किंवा नाक, पाय, नखे यांचे रंग स्वतंत्रपणे लिहावेत. पांढरी पिसे मोजता येत असतील तर मोजावीत, नाहीतर साधे रेखाचित्र काढावे. चित्रकला येत नसली तरी चालते, पक्ष्याच्या बाह्याकृतीत पेन्सिलीने भाग भरता आले की पुरे. वागणुकीकडे विशेष लक्ष द्यावे. प्राणी डोळे मिचकावतो का, सावलीत राहतो का, उतरताना चुकतो का, बाकीचे त्याला मारतात की सामावून घेतात, त्याला जोडीदार आहे का? पांढऱ्या कावळ्याला इतर कावळे छळतात असे गृहीत धरून कोणी लिहीत असते. पाहिले असेल तरच लिहावे.

नाव लिहिण्याची वेळ आली आणि डोळा दिसलाच नसेल, तर ‘पूर्ण पांढरा, डोळा अस्पष्ट’ असे लिहावे. ही नोंद अपुरी नाही. ती खरी आहे. जुन्या नोंदी वाचताना याचे महत्त्व जाणवते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १८८६ पासून अशा पांढऱ्या प्राण्यांच्या छोट्या टिपणांची परंपरा आहे, आणि अनिल महाबळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १८८६ ते २०१७ या काळातल्या भारतीय सस्तन प्राण्यांच्या रंगदोषांच्या नोंदींचा आढावा प्रसिद्ध केला. शंभर वर्षांपूर्वीच्या टिपणकर्त्याने वापरलेले नाव आज चुकीचे ठरू शकते, पण त्याने डोळ्याचा रंग लिहिला असेल तर प्राणी आजही योग्य वर्गात बसवता येतो. आपली नोंद पक्ष्यांसाठी ई-बर्डवर, इतर प्राण्यांसाठी आय-नॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल येथे टाकता येते. तेथे जातीच्या नावासोबत टिप्पणीच्या रकान्यात वरचे सर्व वर्णन लिहावे. नुसते चित्र चढवून थांबू नये.

ठिकाण जपून सांगावे

येथे थोडे कठोर बोलावे लागते. पांढऱ्या प्राण्याचे नेमके ठिकाण जाहीर झाले की दुसऱ्या दिवशी तेथे गाड्या उभ्या राहतात. घरटे असेल तर आईबाप ते सोडून देऊ शकतात, आणि उजेडाचा त्रास असलेल्या पिलाला लपायला जागा उरत नाही. मांडूळ आणि घुबड यांच्या अंधश्रद्धेपोटी चालणाऱ्या व्यापाराची ज्यांना माहिती आहे, त्यांना पांढऱ्या प्राण्याची किंमत कोणाच्या डोळ्यांत कशी वाढते हे समजावण्याची गरज नाही. म्हणून सार्वजनिक नोंदीत तालुका किंवा जिल्हा एवढेच लिहावे, आय-नॅचरलिस्टवर ठिकाण धूसर करण्याची सोय वापरावी, आणि फोनने घेतलेल्या चित्रात दडलेली स्थाननोंद काढून मगच चित्र पुढे पाठवावे.

प्राणी धडधाकट असेल तर त्याला ‘वाचवण्यासाठी’ पकडू नये. संरक्षित वन्यप्राण्याला पकडणे हेही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या व्याख्येत शिकारीतच मोडते, हेतू कितीही चांगला असला तरी. जखमी किंवा घरट्यातून पडलेला असेल तर महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. घरात शिरलेला पांढरा साप पकडावा लागला, तर नोंदणीकृत सर्पमित्राने वनविभागाला कळवून तो त्याच परिसरात सोडावा. खांद्यावर घेऊन चित्रफिती काढण्याने नोंदीत कोणतीही भर पडत नाही.

पक्षी तुमच्या रोजच्या वाटेवरचा असेल तर पावसाळ्यानंतर, पिसगळती संपल्यावर, त्याला पुन्हा शोधावे आणि पहिल्याच बाजूंनी, साधारण त्याच उजेडात, नवी चित्रे घ्यावीत. पांढरी पिसे वाढली असतील तर ते वाढते पांढरेपण, नाहीशी झाली असतील तर कमतरता आहाराची होती, आणि तीच पिसे त्याच जागी परत पांढरी आली असतील तर ल्युसिझम. आधी दिलेले नाव खोडून तेथे नवे लिहावे लागले, तर मूळ वर्णनाला हात न लावता शेजारी तारीख घालून लिहावे.